अण्णांच्या मणक्यात एकच गाठ, सॉलिटरी प्लाझ्मासायटोमा म्हणायलेत. फक्त रेडिएशनने भागतं का?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांबद्दल विचारायचंय, मोठं होईल पण सगळं एकदाच लिहिते म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ५८, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आधी चादरी आता टॉवेल, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. उन्हाळ्यापासून दोन्ही खवाट्यांच्या मधे दुखायलंय म्हणत होते. दिवसभर उभं राहायचं काम, त्यात माल उचलायचा, त्यामुळं हाडाच्या डॉक्टरांनी पट्टा आणि गोळ्या दिल्या. पण हे दुखणं वेगळंच होतं, आडवं झाल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढायचं, रात्री कूस बदलताना कॉटच्या दांडीला धरून उठून बसायचे. मग एमआरआय काढला. डी ८ चा, म्हणजे छातीमागचा आठवा, मणका दबलाय, आतून हाड खाल्लंय, बाजूला थोडी गाठ आहे असं आलं. एका ठिकाणी सांगितलं मणक्याचा टीबी दिसतोय, आजच एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू करा, वर्षभर घ्यावी लागेल. दुसऱ्या स्पाईनच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुकडा तपासल्याशिवाय एक गोळीसुद्धा घ्यायची नाही. त्यांचं ऐकलं. सीटीत बघून सुईने बायोप्सी केली आणि रिपोर्ट आला प्लाझ्मा सेल निओप्लाझम, म्हणजे मॅरोतल्या प्लाझ्मा नावाच्या पेशींची गाठ, सीडी १३८ पॉझिटिव्ह, कप्पा. टीबीचं काहीच नाही.

त्यानंतर रक्ताच्या कॅन्सरचे डॉक्टर बघितले, त्यांनी कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढली, पेट सीटी केला, रक्ताच्या ढीगभर तपासण्या केल्या. बोन मॅरोत प्लाझ्मा सेल ३ टक्के आणि ते साधे आहेत म्हणे. पेटमध्ये डोक्यापासून पायापर्यंत फक्त डी ८ चमकतोय. रक्तात एम बँड, म्हणजे त्या गाठीच्या पेशी बनवतात ते प्रथिन, ०.६ ग्रॅम आहे. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन सगळं नीट. म्हणून सॉलिटरी प्लाझ्मासायटोमा, म्हणजे ह्या पेशींची एकाच जागेवरची गाठ, म्हणायलेत. ट्रीटमेंट काय तर रेडिएशन, ४५ ग्रे (हे रेडिएशनचं माप), २५ फ्रॅक्शन म्हणजे २५ वेळा, सोमवार ते शुक्रवार असं पाच आठवडे. केमो नाही, ऑपरेशन नाही, तोवर टेलर ब्रेस घालायचा.

आता घरात सगळे घाबरलेत. आत्या म्हणते कॅन्सर आहे आणि केमो देत नाहीत म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. काका म्हणतात लाईट (रेडिएशन) दिली की माणूस खंगतो, एकाला दिली होती तो उठलाच नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मज्जारज्जूची, मणक्यावर रेडिएशन द्यायचं आणि त्याच्या आतूनच ती नस जाते, मग पाय गेले तर? आणि एक प्रश्न अण्णांचा स्वतःचा आहे, तो त्यांनी डॉक्टरांना न विचारता मला विचारलाय. ते दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांत असतात, कंबरेच्या पट्ट्यावर तो एवढा उंच ध्वज तोलून चालायचं. ह्या वर्षी नाही जमणार हे त्यांना कळलंय, पण पुढच्या वर्षी जमेल का एवढंच सांग म्हणाले. मी काय सांगू कळेना.

कुणी ह्यातून गेलं असेल तर प्लीज लिहा. गुगलवर जे दिसतंय ते वाचून झोप उडालीये.


माणदेशी_मास्तर

ताई, आधी घाबरणं थांबवा. मला स्वतःला हाच आजार झाला होता, २०१७ साली, फक्त माझा उजव्या दंडाच्या हाडात. मी सांगोला तालुक्यात शाळेत शिकवतो. फळ्यावर लिहायला हात वर केला की अशी कळ यायची की डाव्या हाताने दंड गच्च धरून लिहायचो, पोरं पण बघायची. एक्स-रेत हाडाला भोक पडल्यासारखं दिसलं. नंतर तुमच्यासारखीच सगळी वरात, बायोप्सी, मॅरो, पेट. एवढ्या तपासण्या कशाला असं मलाही वाटायचं, तेव्हा टाटाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं अजून लक्षात आहे, शेंगांच्या पोत्यात एक किडकी शेंग दिसली की आपण पोतं उपडं करून बघतो, तसं आहे हे. एकच गाठ आहे हे एकदा पक्कं ठरलं की मग तेवढ्याच जागेवर रेडिएशन द्यायचं, आणि बरं करायच्या हिशोबानेच द्यायचं. तुमच्या अण्णांचं ते पक्कं झालंय, ही खरंच चांगली बातमी आहे, आत्याबाईंना सांगा.

हात टेकले वगैरे काही नाही. मलाही केमो दिली नाही. ह्या पेशी रेडिएशनला फार लवकर दबतात, त्यामुळं त्या जागेपुरतं रेडिएशन हेच मुख्य औषध आहे. केमो वरून जोडली तर पुढचा धोका नक्की कमी होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, मग उगाच शरीराला त्रास कशाला, असं मला समजावलं होतं.

दुखणं पहिल्या आठवड्यात तसंच होतं, उलट दोनतीन दिवस थोडं वाढलं, मग हळूहळू उतरत गेलं. संपल्यावर साधारण महिन्याभराने मी खडू धरला. खंगलो बिंगलो नाही. थकवा यायचा, दुपारी जेवल्यावर डोळे मिटायचे, तेवढं होतं.

एक गोष्ट मात्र नीट करा. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाईड्स लॅबमधून मागून घ्या, रिपोर्टच्या कागदावर समाधान मानू नका. दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर ते लोक ब्लॉकच मागतात. माझ्या वेळी त्यासाठी भावाला परत गाडी पकडून यावं लागलं होतं.


लिनॅकवाला

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, पुण्यात काम करतो, मूळचा मोहोळचा. डॉक्टर नाही, त्यामुळं डोस किती हे मी ठरवत नाही, पण रोज टेबलावर पेशंट झोपवणारा माणूस आहे त्यामुळं आत काय होतं ते सांगतो, कारण अर्धी भीती आत काय होणार हे माहीत नसल्यामुळं असते.

आधी तुमचा डोस. सॉलिटरी प्लाझ्मासायटोमाला जगभर साधारण ४० ते ५० ग्रे देतात, गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर वरच्या बाजूला जातात. ४५ ग्रे २५ वेळा म्हणजे एका वेळेला १.८ ग्रे. हा अगदी मधला डोस आहे, कमी पण नाही आणि अंगावर येईल इतका पण नाही. एवढ्या डोसने ती जागा शांत राहण्याचं प्रमाण ८० ते ९० टक्क्यांच्या घरात आहे, बऱ्याच ठिकाणी त्याहून चांगलं.

आता मज्जारज्जू. ताई तुमची भीती बरोबर जागेवर आहे, आमच्या प्लॅनिंगमध्येपण सगळ्यात आधी तीच नस आखली जाते. रोज १.८ ते २ ग्रे ह्या हिशोबाने एकूण ५० ग्रेपर्यंत गेलं तरी त्या नसेला इजा होण्याचं प्रमाण साधारण ०.२ टक्के मानतात, म्हणजे हजारात दोन. ६० ग्रेला ते ६ टक्क्यांवर जातं. म्हणूनच कुणी ४५-५० च्या पुढे सहजी जात नाही. आणि म्हणूनच पाच आठवडे, एकदम एका दिवसात उरकत नाहीत. रोज थोडं दिलं की निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःला दुरुस्त करतात, ह्या गाठीच्या पेशींना ते तेवढं जमत नाही. खरं सांगायचं तर डी ८ ला नसेला धोका रेडिएशनपेक्षा गाठीचा जास्त आहे, ती मागे सरकून नस दाबू लागली तर. म्हणून एक लक्षात ठेवा, पायात मुंग्या, पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, लघवी अडकणं किंवा कळत नसणं ह्यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं, रात्र असली तरी.

प्रोसेस अशी. पहिल्या दिवशी रेडिएशन नसतंच, सिम्युलेशन असतं. अण्णांना सपाट कडक टेबलावर पाठीवर झोपवतील, हात डोक्याच्या वर, बहुतेक खाली एक व्हॅक्यूमची गादी ठेवतील ती हवा काढली की अंगाच्या आकाराची घट्ट होते, मग रोज त्याच साच्यात झोपायचं. त्याच अवस्थेत सीटी काढतात. छातीवर आणि बगलेखाली दोन बाजूंना खुणा करतात, कुठे बारीक टॅटूचे ठिपके, कुठे मार्कर. मार्करच्या असतील तर पाच आठवडे त्या पुसायच्या नाहीत, साबण लावून घासायचं नाही. घरचे प्रेमाने अंघोळ घालतात आणि सोमवारी पेशंट गोरापान होऊन येतो, मग आम्हाला परत पहिल्यापासून खुणा कराव्या लागतात. नंतर फिजिसिस्ट आणि डॉक्टर त्या सीटीवर तुमचा एमआरआय आणि पेट बसवून प्लॅन करतात, गाठ झाकली जाईल, भोवती थोडी जागा सुटेल, बऱ्याचदा वरचा एक आणि खालचा एक मणका पण घेतात, आणि हृदय, फुफ्फुस, नस ह्यांना कमीत कमी लागेल असं. ह्याला काही दिवस लागतात, तेव्हा सिम्युलेशन झालं तरी ट्रीटमेंट लगेच का सुरू करेनात म्हणून काळजी करू नका.

रोजचं काम दहापंधरा मिनिटांचं. त्यात मशिन फिरतं ते काही मिनिटंच, बाकी वेळ आम्ही पोझिशन जुळवत असतो. काही दिसत नाही, गरम लागत नाही, दुखत नाही. खोलीत पेशंट एकटा असतो पण आम्ही बाहेर कॅमेऱ्यात बघत असतो आणि माईकवर बोलता येतं, अण्णांना सांगून ठेवा की त्रास झाला तर हात हलवा, मशिन लगेच थांबतं. घरी आल्यावर अंगात काही रेडिएशन उरत नाही, नातवंडांना मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण पेशंटची वेगळी भांडी केलेली मी बघितलीयत आणि त्याचं त्या माणसाला फार लागतं.

त्रास कसला होईल, तर डी ८ च्या बरोबर पुढून अन्ननलिका जाते. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात घास गिळताना छातीच्या मागे टोचल्यासारखं, जळजळल्यासारखं होऊ शकतं. सोलापूरचं घर म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी आलीच, ती दोन्ही तेवढे दिवस बाजूला. भाकरी खायचीच असेल तर ताकात नाहीतर पातळ वरणात पूर्ण मुरवून, मऊ भात, मुगाची खिचडी, अंडं चालत असेल तर अंडं, गरमागरम नाही कोमट. वजन टिकवणं महत्त्वाचं. जळजळ सुरू झाली की डॉक्टरांना सांगा, त्याला पातळ औषध मिळतं, सोसत बसायचं नाही. पाठीच्या त्या जागेवर तेल, बाम, गरम पिशवी काही नाही. मळमळ आणि थकवा थोडा राहील.

आणि शेवटचं, मधे सुट्ट्या घेऊ नका. लग्न आहे, जत्रा आहे, पाऊस आहे म्हणून लोक दोन दिवस येत नाहीत. मशिन बंद पडून एखादा दिवस गेला तर तो शेवटी जोडून घेतात, पण आपण होऊन खाडे करायचे नाहीत. दुखणं थांबलं म्हणून पंधराव्या फ्रॅक्शनलाच उठून गेलेली माणसं आहेत. दुखणं आधी थांबतं, पेशी मरायला पूर्ण डोस लागतो.


धाराशिवकर

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, वाईट वाटून घेऊ नको ताई, पण हे कुणीतरी आत्ताच सांगितलेलं बरं.

माझ्या आईला खुब्याच्या हाडात हाच प्लाझ्मासायटोमा होता. रेडिएशन झालं, दुखणं पूर्ण गेलं, आई परत शेतात जायला लागली. ती जागा आजपर्यंत शांत आहे. पण तीन वर्षांनी रक्तातला एम बँड चढायला लागला आणि मायलोमा निघाला. म्हणजे ह्याच पेशींचा कॅन्सर, पण त्या एका जागेवर नाही, सगळ्या मॅरोत. आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हाडातला सॉलिटरी प्लाझ्मासायटोमा असलेल्यांपैकी निम्म्या किंवा थोड्या जास्तच लोकांना दहा वर्षांत मायलोमा होतो, आणि जास्त करून पहिल्या दोनतीन वर्षांत. कारण रेडिएशन जिथं देतो तिथंच काम करतं, मॅरोत कुठं दोनचार पेशी लपून बसल्या असतील तर त्यांना ते पोचत नाही. तुमच्या अण्णांच्या मॅरोत तसल्या पेशी सापडल्या नाहीत ही मोठी जमेची बाजू आहे, ज्यांच्या मॅरोत थोड्या का होईना सापडतात त्यांचा धोका खूप जास्त असतो.

आता आईचं पुढं काय झालं ते ऐका, कारण ते महत्त्वाचं आहे. आई एकही तपासणी चुकवत नव्हती. त्यामुळं मायलोमा अगदी सुरुवातीला सापडला, किडनी चांगली, हिमोग्लोबिन चांगलं, नवीन हाड मोडलेलं नाही. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाईड, डेक्सा सुरू केलं, पोटावर इंजेक्शन आणि गोळ्या. आज आई घरात सगळं करते, चूल सोडून. तिच्याच वॉर्डात एक मावशी होत्या, त्यांचा प्लाझ्मासायटोमा बरा झाला म्हणून त्या परत फिरकल्याच नाहीत, आल्या त्या डायलिसिसलाच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की २५ फ्रॅक्शन झाले म्हणजे संपलं असं घरात कुणाला वाटू देऊ नका. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन, फ्री लाईट चेन, सोबत सीबीसी, कॅल्शियम, क्रिएटिनिन. नंतर अंतर वाढतं पण बंद होत नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि जीव उगाच वरखाली होतो. रेडिएशननंतर एम बँड हळूहळू खाली येतो, त्याला महिने लागतात, एक वर्षानंतरही तो तसाच उरला असेल तर डॉक्टर जास्त बारीक लक्ष ठेवतात. आम्ही एक वही केली होती, तारीख आणि एम बँड, डॉक्टर फाईल उघडायच्या आधी वही मागायचे.

आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, ब्रुफेन आणून द्यायची सवय मोडा. ह्या आजारात किडनी जपायची असते.


पूर्वभाग_सोलापूर

मास्तर, दादा, धाराशिवचे तुम्ही, कसे आभार मानू कळेना. सगळं आईला वाचून दाखवलं. मायलोमाचं वाचून थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली वही आजच आण. अण्णांना ते मशिन थांबतं वालं वाक्य दोनदा वाचून दाखवावं लागलं, त्यांना बंद खोलीची भीती आहे ते आम्हाला आत्ता कळलं.

आता दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे मामा म्हणतो मुंबईलाच ने, इकडं करू नको. पण पाच आठवडे मुंबईत राहायचं कुठं, खायचं काय, माझी पण नोकरी आहे. दुसरं पैशाचं. आणि शेजारचे एकजण म्हणाले गाठ काढूनच का टाकत नाहीत, मुळातून विषय संपेल. त्यावर काय सांगायचं?


हाडांचा_पीजी

मी ऑर्थोपेडिक्सला रेसिडेंट आहे, शाळा सोलापुरात झाली, सध्या बाहेरगावी आहे. तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत त्यामुळं सर्वसाधारण सांगतो.

गाठ काढून का टाकत नाहीत. छातीच्या मागचा मणका पूर्ण काढणं हे खूप मोठं ऑपरेशन आहे, रक्त भरपूर जातं, रॉड स्क्रू टाकावे लागतात, आणि एवढं करून रेडिएशन चुकत नाहीच, कारण सूक्ष्म पेशी उरतात. जी गाठ रेडिएशनने विरघळते तिच्यासाठी हे कुणी करत नाही. ऑपरेशन दोनच वेळा, मणका डळमळीत झालाय किंवा नस दाबली जातेय आणि पायांवर परिणाम दिसतोय. डळमळीत आहे का हे मोजायला एक स्कोअर असतो, ६ पर्यंत स्थिर, ७ ते १२ मधला, १३ पासून पुढे अस्थिर. दुखणं हालचालीने वाढतं का, मणका किती दबलाय, वाकलाय का, असं बघून मार्क देतात. स्पाईनच्या डॉक्टरांनी ब्रेसवर ठेवलंय म्हणजे त्यांनी हे बघितलं असणार, तरी पुढच्या वेळी स्कोअर किती आला ते विचारा, विचारायला काही हरकत नाही.

ज्या डॉक्टरांनी आधी तुकडा म्हटलं त्यांचे खरोखर आभार माना. आपल्याकडं मणका दबलेला दिसला की टीबी हेच पहिलं डोक्यात येतं, ते चुकीचं पण नाही, टीबी आहेच तेवढा. पण टीबी बहुतेक वेळा मधली चकती खातो आणि शेजारशेजारचे दोन मणके धरतो, आणि इथं एकच मणका गेलाय. चकती शाबूत आणि एकच मणका खाल्लेला, वय पन्नाशीच्या पुढं, पुरुष, छातीचा मणका, असं दिसलं की प्लाझ्मासायटोमा, मायलोमा किंवा दुसरीकडून आलेली गाठ ह्यांचा विचार करावाच लागतो. बायोप्सीशिवाय एकेटी सुरू केली असती तर महिनोन्महिने वाया गेले असते आणि तेवढ्यात नस दाबली गेली असती. हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच सांगतोय, मणक्याच्या टीबीची औषधं सुरू करायच्या आधी तुकड्याचा रिपोर्ट मागा.

नंदीध्वजाचं. मी लहानपणापासून ती मिरवणूक बघितलीय, अडुसष्ट लिंगांची वाट चालताना पेलणाऱ्याच्या कंबरेवर आणि पाठीवर काय ताण येतो ते माहितीय. रेडिएशनने गाठ मरते पण खाल्लेलं हाड लगेच भरून येत नाही, त्याला अनेक महिने लागतात, आणि दबलेला मणका परत पूर्वीच्या उंचीचा होत नाही. त्यामुळं आत्ता पुढच्या वर्षी हो किंवा नाही असं कुणीच सांगू शकत नाही. सहा महिने वर्षाने सीटी काढून हाड किती भरलंय ते बघून स्पाईनचे डॉक्टर सांगतील. माझं स्वतःचं मत विचाराल तर ध्वज पेलू नये, वाकून झटक्याने वजन उचलणं तर कायमचंच बंद, मागावरचे बीम आणि ताग्यांचे गठ्ठे पण त्यातच आले. पण बाराबंदी घालून ध्वजासोबत चालायला काहीच अडचण येऊ नये. अण्णांना हे सांगताना नाही म्हणायच्या ऐवजी चालायचं आहे असं सांगा.


बार्शीकर

मामांचं मन मोडू नका पण सरळ सांगतो, रेडिएशनसाठी मुंबई हवीच असं नाही. मत मुंबईचं घ्या, ट्रीटमेंट जवळ घ्या. हा आजार दुर्मीळ आहे म्हणून ब्लॉक आणि स्कॅन एकदा टाटाला दाखवून निदान आणि डोस पक्का करणं शहाणपणाचं, त्यासाठी एक फेरी पुरते, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघा, सकाळी दादरला उतरून परळ जवळच आहे. जायला जमत नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडची 'नव्या' (Navya) नावाची ऑनलाईन सेवा आहे, रिपोर्ट अपलोड केले की टाटाच्या आणि ग्रिडमधल्या इतर तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं.

पण रोज टेबलावर झोपायचं काम सोलापुरात होतं, आणि आमच्या बार्शीत पण होतं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आसपासच्या चारपाच जिल्ह्यांतल्या लोकांना माहितीय. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली टाटाच्या मदतीने बार्शीतच सुरू झाली, इथं कॅन्सरचं काम नवीन नाही. जिथं कुठं घ्याल तिथं तीन प्रश्न विचारा, मशिन लिनॅक (रेडिएशनचं विजेवर चालणारं मशिन) आहे का, प्लॅन करताना एमआरआय जोडणार का, रोज टेबलावर इमेज काढून पोझिशन तपासणार का. तिन्हीला हो असेल तर निर्धास्त राहा. आणि तुमचं घर सोलापुरात असताना दबलेला मणका घेऊन पाच आठवडे वैराग रोडने हिसके खात येऊ नका, सोलापुरात ही सोय असेल तर तिथंच करा. मी बार्शीचा असून सांगतोय.

पैशाचं. महात्मा फुले योजनेत रेडिएशनची पॅकेजेस आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा, मंजुरी ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव एक आहे का ते आजच बघा, आमच्याकडं निम्मे लोक तिथंच अडकतात. एकाला अण्णा, दुसऱ्याला पूर्ण नाव असं नको. रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं पूर्ण भाडं माफ होतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्याचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलमधून सहीशिक्क्यासह घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर दाखवायचा.


पूर्वभाग_सोलापूर

आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं! आजच सेतूत जाऊन आले. बरं झालं लिहिलंत.

ठरलं मग. मामाला घेऊन एकदा परळला जाऊन येतो, ब्लॉक लॅबमधून मिळाला, त्यांनी सही घेऊन दिला. रेडिएशन सोलापुरातच, पुढच्या सोमवारी सिम्युलेशन दिलंय. मशिन लिनॅक आहे, इमेजपण रोज काढतात म्हणाले. अण्णांना नंदीध्वजाचं सांगितलं. चालायला चालेल ना, मग झालं, म्हणाले, आणि पहिल्यांदाच डॉक्टरांशी फोनवर स्वतः बोलले, गिळताना त्रास झाला तर औषध कुठलं द्याल ते विचारलं.

दादा एकच शेवटचं, सोमवारी जाताना काय काय न्यायचं? आणि टेबलावर हात वर करून झोपायचंय तर त्यांना आत्ताच पाठीवर सरळ पाच मिनिटं झोपवत नाही, मग कसं?


लिनॅकवाला

ताई, एमआरआयची आणि पेटची सीडी न्या, फिल्म नकोत, फिल्मवरून प्लॅनमध्ये काही जोडता येत नाही. सीडी सापडत नसेल तर स्कॅन सेंटरवाले परत काढून देतात, शनिवारीच मागून ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट, मॅरोचा रिपोर्ट, रक्ताचे सगळे कागद, आणि अण्णांना पेसमेकर किंवा आधी कधी कुठं रेडिएशन झालं असेल तर ते सांगायचं. ब्रेस घालूनच न्या, काढायचा की नाही ते तिथले सांगतील.

झोपवत नाही हे सिम्युलेशनच्या आधी डॉक्टरांना फोन करून सांगा, टेबलावर गेल्यावर नाही. दुखण्याची गोळी अर्धा पाऊण तास आधी द्यायला सांगतात, काहींना ट्रामाडॉल, काहींना मॉर्फिनसुद्धा देतात, त्याला घाबरायचं नाही. गुडघ्याखाली उशी ठेवली की पाठीचा ताण बराच उतरतो, ती मागून घ्या. हात पूर्ण वर जात नसतील तर छातीवर ठेवूनपण प्लॅन करता येतो, फक्त जे काही पहिल्या दिवशी ठरेल तेच रोज पाच आठवडे जमलं पाहिजे, म्हणून त्या दिवशी अण्णांनी सोसून दाखवायचं नाही, जेवढं आरामात जमतं तेवढंच सांगायचं. आणि बंद खोलीच्या भीतीचं तिथल्या टेक्नॉलॉजिस्ट मंडळींना आधी सांगा, सुरू करायच्या आधी अण्णांना आत नेऊन मशिन रिकामं फिरवून दाखवतात.